पितळ उजळणे

पितळ उजळणे म्हणजे तांबे-जस्ताच्या या मिश्रधातूवर चढलेला काळपट किंवा हिरवट थर काढून मूळचा पिवळा रंग वर आणणे. खानदेशात हे काम घाऊकपणे निघते ते श्रावणात. नागपंचमीनंतरच्या रविवारी इथली देवी कानबाई बसते. त्याआधी घराच्या साफसफाईबरोबर घागर, परात, तपेली, समई, देवघरातला कलश असे सगळे अंगणात येते.

काळेपणा हा तांब्याच्या ऑक्साइडचा आणि सल्फाइडचा थर, मळ नव्हे. म्हणून नुसत्या साबणाने तो हटत नाही, आंबट लागते. मात्र वर तेलाचा हात असेल तर आंबट खाली पोचतच नाही आणि भांडे ठिपक्याठिपक्यांनी उजळते. त्यामुळे आधी कढत पाणी आणि राखेने चिकटा काढायचा. राख पऱ्हाटीची (कापसाच्या वाळल्या झाडांची) असो की बाभळीची, वस्त्रगाळ हवी. एखादा खडा राहिला तरी चरा पडतो, आणि तो पुढे कशानेच जात नाही. नदीची वाळू याच कारणाने वाईट.

लिंबाएवढा चिंचेचा गोळा कपभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कोळतात, त्यात चमचाभर मीठ घालतात. एका घागरीला एवढे पुरते. कोळ लावून नारळाच्या शेंडीने चोळले की तपकिरी रस काळपट-हिरवा होऊन ओघळू लागतो. दोन-तीन मिनिटांत धुवून टाकावा. ‘राहू दे रात्रभर, आपोआप निघेल’ ही चूक सर्रास होते. आंबटात जस्त आधी विरघळते, तांबे मागे उरते आणि भांड्यावर गुलाबी डाग पडतात. हलका डाग कोरड्या राखेने घासून जातो, खोल गेलेला जात नाही. खरी चकाकी या कोरड्या राखेच्या घासण्यातच येते, चिंच फक्त वाट मोकळी करते. बोअरचे पाणी क्षाराचे असेल तर शेवटचा हात क्षार नसलेल्या पाण्याचा द्यावा आणि भांडे लगेच पुसावे, नाहीतर वाळताना पांढरे ठिपके उठतात. लाखेचा पारदर्शक लेप दिलेल्या नव्या मूर्तींना चिंच लावू नये. लेप कुठे निघतो, कुठे राहतो.

काडतुसाची पुंगळीही पितळच, साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्ताची. भुसावळजवळ वरणगावच्या आयुध निर्माणीत काडतुसे बनतात, पण उडवलेली पुंगळी उजळून पुन्हा भरणे हा नेमबाजांचा वेगळा उद्योग आहे आणि भारतात तो शस्त्र अधिनियम, १९५९ खालच्या परवान्याचा विषय आहे. तत्त्व मात्र घागरीचेच. बुडातली जळालेली टोपी (ठिणगी पाडून दारू पेटवणारा भाग) काढून पुंगळ्या सायट्रिक आम्लाच्या सौम्य, कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटे ठेवतात, धुतात, मग फिरत्या पिंपात स्टीलच्या बारीक पिना, पाणी आणि साबण घालून घुसळतात. मक्याच्या बुरकुंडाचा भरडा कोरडा घालूनही चकाकी येते. मात्र टोप्यांच्या जळक्या अंशात शिसे असते आणि कोरड्या घुसळणीत त्याची धूळ उडते. आत पाणी राहिले तर पुढे भरलेली बंदुकीची दारू भिजते. वाळवण्याची घाई करून पुंगळी विस्तवावर धरणे सर्वांत धोक्याचे. तापून बूड मऊ पडले की उडवताना ते दाब सोसत नाही. पुंगळी चकचकीत असलीच पाहिजे असेही नाही. स्वच्छ असणे आणि तडा नसणे महत्त्वाचे.

तड्याचे मूळ पुष्कळदा अमोनियात असते. ब्रिटिश फौजेची भारतातली काडतुसे पावसाळ्यात तबेल्याजवळ ठेवली की मानेशी आपोआप चिरत. ओढून घडवताना पितळात राहिलेला ताण आणि घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया ही जोडी त्यामागे होती, हे १९२१ मध्ये उलगडले. ठोक्याच्या भांड्यांतही असा ताण उरलेला असतो. तेव्हा अमोनिया असलेले काच पुसायचे द्रावण पितळाला लावू नये, आणि उजळलेली घागर गोठ्याच्या माळ्यावर न ठेवता घरात, जुन्या धोतरात गुंडाळून ठेवावी.

हे सगळे बाहेरच्या बाजूचे. आतून कल्हई असेल तिथे चिंच-राख चालवू नये, कथिलाचा पातळ थर निघून जातो आणि मग त्या भांड्यातले ताक कळकते.