युरिया, सायनेट, थॅलिडोमाइड : सिकलसेलच्या औषधांमागचा इतिहास

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या सातपुड्याच्या तालुक्यांत सिकलसेल म्हणजे काय हे आता फारसे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. भिल्ल, पावरा, मावची या समाजांत तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या या आनुवंशिक आजाराचे वाहक मोठ्या संख्येने आढळतात. आश्रमशाळेत रक्ततपासणी झाली की कोणाचा अहवाल ‘एएस’ (वाहक) आला आणि कोणाचा ‘एसएस’ (रुग्ण), याची चर्चा पाड्यापर्यंत पोहोचते. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. आदिवासीबहुल भागांतील 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन अशी त्याची उद्दिष्टे आहेत. त्याच वर्षाच्या अखेरीस जनुक-संपादनावर आधारित पहिल्या उपचाराला ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली आणि सिकलसेलवर तोडगा सापडल्याच्या बातम्या सर्वत्र झळकल्या. परंतु डोंगराळ भागातील रुग्णाच्या हातात आज पडणारे आणि उद्या पडू शकेल असे औषध वेगळ्याच परंपरेतून आले आहे. लहान रेणू जिवंत पेशीत सोडायचा, तो कशाला चिकटतो आणि काय घडवतो ते पाहायचे आणि त्यावरून पेशीचे कामकाज उलगडायचे, अशी ही रासायनिक जीवशास्त्राची परंपरा आहे. तिचा सिकलसेलशी संबंध जुना आहे, आणि त्यात अपयशांचा वाटा मोठा आहे.

1910 साली शिकागोतील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून दंतवैद्यकाच्या शिक्षणासाठी आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या तांबड्या पेशी आढळल्याची नोंद प्रसिद्ध केली. पेशी वाकड्या का होतात, याचा पहिला धागा 1927 मध्ये हान आणि गिलेस्पी यांना मिळाला. ऑक्सिजन काढून घेतला की या पेशी वाकतात आणि तो परत दिला की बहुतांशी पूर्ववत होतात, असे त्यांनी दाखवले. आज शिबिरांत होणारी सोल्युबिलिटी चाचणी याच निरीक्षणाची वंशज आहे. सोडियम डायथायोनाइट हे रसायन हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन हिरावून घेते, सिकल हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होते आणि नळीमागच्या कागदावरील रेघा दिसेनाशा होतात.

पुढचा टप्पा लायनस पॉलिंग यांचा. 1945 मध्ये बोस्टनचे डॉक्टर विल्यम कॅसल यांच्याकडून त्यांनी या आजाराविषयी ऐकले आणि दोष पेशीत नसून हिमोग्लोबिनच्या रेणूतच असावा, असा तर्क केला. 1949 मध्ये पॉलिंग, इटानो, सिंगर आणि वेल्स यांनी विद्युतक्षेत्रात दोन्ही हिमोग्लोबिनांचे रेणू वेगवेगळ्या गतीने सरकतात हे सिद्ध केले. आजाराचे मूळ एका रेणूत दाखवणारा तो पहिला शोधनिबंध मानला जातो. जिल्हा रुग्णालयांतील इलेक्ट्रोफोरेसिसची चाचणी तत्त्वतः आजही तीच आहे. पाठोपाठ 1956-57 मध्ये केंब्रिज येथे व्हर्नन इनग्राम यांनी हिमोग्लोबिनचे ट्रिप्सिन या विकराने तुकडे करून ते कागदावर पसरवले आणि संपूर्ण फरक एकाच अमिनो आम्लाचा असल्याचे दाखवले: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. पाण्याशी सलगी करणारा घटक जाऊन पाण्यापासून दूर पळणारा आला, त्यामुळे ऑक्सिजन सोडलेले रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनवू लागले आणि पेशी ताठ झाली. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की रुग्णाला वेदनेचे झटके येतात.

भारतात या आजाराची पहिली नोंद 1952 मधली, निलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींमधली. 1954 मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत वाहकांना हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते हे दाखवले, आणि हिवतापाच्या जंगलपट्ट्यांत हे जनुक का टिकून राहिले, याचा उलगडा झाला.

कारण 1957 पर्यंत कळले, पण औषध सापडायला आणखी अनेक दशके लागली. या मधल्या काळाची कथा युरियाभोवती फिरते. केळी आणि कापसाच्या खतासाठी जो युरिया खानदेशातील प्रत्येक शेतकरी गोणीने विकत घेतो, तोच 1828 मध्ये फ्रीडरिश व्होलर यांनी अमोनियम सायनेट तापवून प्रयोगशाळेत बनवला होता. सजीवांच्या शरीरातील पदार्थ केवळ सजीवांतच तयार होतात या समजुतीला त्या प्रयोगाने तडा दिला, हे पाठ्यपुस्तकांत असतेच. त्यानंतर 1869 मध्ये जर्मनीत ड्रेसलर आणि स्टाइन यांनी सायनेटचीच हायड्रॉक्सिलअमाइनशी अभिक्रिया घडवून हायड्रॉक्सीयुरिया तयार केला. त्याचा उपयोग काय, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते आणि तो रेणू जवळजवळ शंभर वर्षे कोणत्याही आजारावरचे औषध न ठरता राहिला.

1970 च्या सुमारास अमेरिकेत सिकलसेलवर साधा युरियाच वापरून पाहण्यात आला. युरिया प्रथिनांमधील जलविरोधी बंध सैल करतो, तेव्हा व्हॅलिनमुळे जुळलेले दोरेही तो सोडवील, असा विचार त्यामागे होता. परीक्षानळीत तो खरा ठरला, परंतु रुग्णांवर काटेकोर तुलना केली तेव्हा युरियाची सलाइन वेदनेच्या झटक्यावर उपयोगी पडत नाही, हे स्पष्ट झाले. मात्र या अपयशातून एक महत्त्वाचा प्रश्न निघाला. युरियाच्या द्रावणात नेहमीच थोडे सायनेट तयार होत असते, मग परिणाम घडवणारे खरे द्रव्य सायनेट तर नाही ना? 1971 मध्ये सेरामी आणि मॅनिंग यांनी दाखवले की सायनेट हिमोग्लोबिनच्या साखळीच्या टोकावरील व्हॅलिनला कायमचे जोडले जाते, हिमोग्लोबिन ऑक्सिजन अधिक घट्ट धरून ठेवते आणि पेशी वाकत नाहीत. रासायनिकदृष्ट्या ही अतिशय देखणी कल्पना होती. शरीरात मात्र सायनेट हिमोग्लोबिनपुरते थांबले नाही. ते इतर प्रथिनांनाही जोडले गेले, रुग्णांच्या नसांना इजा झाली, मोतीबिंदू दिसू लागले आणि तोंडावाटे देण्याचा तो प्रयोग सोडून द्यावा लागला. रेणू कुठे जोडला जातो, याच्याइतकेच तो आणखी कुठे-कुठे जोडला जातो हे महत्त्वाचे असते, हे या शाखेला ज्या उदाहरणांनी पटवले त्यांत सायनेट वरच्या क्रमांकावर ठेवावे लागेल.

तीच जागा पुढे पुन्हा निवडली गेली. नोव्हेंबर 2019 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले व्होक्सेलोटर हे औषधही हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीच्या टोकावरील व्हॅलिनलाच जोडले जाते, परंतु त्याचा बंध सुटू शकणारा आहे. रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रमाण त्याने वाढले आणि पन्नास वर्षांपूर्वीची कल्पना मार्गी लागली असे वाटले. सप्टेंबर 2024 मध्ये मात्र कंपनीने ते जगभरातून मागे घेतले, कारण चाचण्यांत वेदनेचे झटके आणि मृत्यू यांबाबत काळजी वाटावी अशी माहिती पुढे आली होती. प्रयोगशाळेतील आकडा सुधारला म्हणजे रुग्ण सुधारला, असे गृहीत धरण्याची घाई येथेही झाली, असे माझे मत आहे.

यश आले ते दुसऱ्या वाटेने. 1948 मध्ये न्यूयॉर्कमधील बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांच्या लक्षात आले की सिकलसेल असलेल्या नवजात बाळांच्या पेशी फारशा वाकत नाहीत, आणि याचे कारण गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन असावे, असे त्यांनी सुचवले. जन्मानंतर त्याचे उत्पादन जवळजवळ बंद होते. काही रुग्णांत ते मोठेपणीही बरेच शिल्लक राहते. सौदी अरेबियाचा पूर्व भाग आणि भारत येथील रुग्णांत आढळणाऱ्या अरब-भारतीय जनुक-प्रकाराचे हे वैशिष्ट्य आहे आणि त्यांचा आजार अनेकदा सौम्य असतो. तरीही मध्य भारतात तीव्र आजाराचे रुग्ण कमी नाहीत. बंद झालेले उत्पादन औषधाने पुन्हा सुरू करता येईल का, या प्रश्नाला 1982 मध्ये 5-ॲझासायटिडिन या कर्करोगाच्या औषधाने होकार दिला, पण ते दीर्घकाळ देणे धोक्याचे होते. त्याला पर्याय शोधताना 1984 मध्ये हायड्रॉक्सीयुरियाची पाळी आली, जो तोवर कर्करोगावरील औषध म्हणून वापरात आला होता. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 299 प्रौढ रुग्णांच्या चाचणीत त्याने वेदनेचे झटके जवळजवळ 44 टक्क्यांनी कमी केले आणि 1998 मध्ये अमेरिकेत त्याला सिकलसेलसाठी मान्यता मिळाली. योगायोग असा की स्वतंत्र नंदुरबार जिल्हाही त्याच वर्षी अस्तित्वात आला.

हायड्रॉक्सीयुरिया डीएनएचे घटक तयार करणाऱ्या विकराला रोखतो, एवढे निश्चित आहे. त्यातून गर्भ-हिमोग्लोबिन नेमके कसे वाढते, यावर संशोधकांत आजही एकमत नाही. तो स्वस्त आहे, तोंडावाटे घेता येतो, परंतु ठरावीक काळाने रक्तपेशींची मोजणी करावी लागते आणि पेशी फार घटल्या तर मात्रा थांबवावी लागते. पावसाळा संपला की ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जाणाऱ्या कुटुंबासाठी औषध गिळण्यापेक्षा ही तपासणी अधिक कठीण आहे. शिवाय भारतात 500 मिलिग्रॅमची कॅप्सूल सहज मिळते, पण 10 किलो वजनाच्या मुलाला तिची वजनाप्रमाणे मात्रा देणे अवघड जाते. त्यासाठी स्वस्त द्रवरूप औषध आणण्याच्या प्रयत्नांना अलीकडेच गती आली आहे.

2008 मध्ये बीसीएल11ए हे प्रथिन गर्भ-हिमोग्लोबिन दाबून ठेवते असे हार्वर्डमधील संशोधकांनी दाखवले. 2023 मध्ये मान्य झालेला, क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्रावर आधारलेला उपचार रक्तपेशी घडवणाऱ्या मूळपेशींत याच प्रथिनाचे नियंत्रण तोडतो. त्याचे परिणाम खरोखर प्रभावी आहेत. परंतु अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर आहे, मूळपेशी परत देण्यापूर्वी तीव्र केमोथेरपी द्यावी लागते आणि रुग्णालयात आठवडेच्या आठवडे काढावे लागतात. धडगावहून धुळ्याला किंवा सुरतेला पोहोचणे हीच ज्यांची अडचण, त्यांच्या बाबतीत या उपचाराचा विचार आज तरी दूरचा आहे.

म्हणूनच 2024 मधील एक शोधनिबंध मला अधिक दखलपात्र वाटतो, आणि त्याचे मूळ थॅलिडोमाइडमध्ये आहे. 1957 मध्ये पश्चिम जर्मनीत झोपेचे औषध म्हणून आलेल्या या रेणूने गर्भावर घात केला. 10 हजारांहून अधिक मुले अपंगत्व घेऊन जन्मली आणि 1961 च्या अखेरीस तो मागे घेण्यात आला. पुढे कुष्ठरोगातील एका वेदनादायक प्रतिक्रियेवर आणि मग अस्थिमज्जेच्या एका कर्करोगावर त्याचा उपयोग सापडला, पण तो काम कसा करतो हे गूढच राहिले. 2010 मध्ये जपानी संशोधकांनी थॅलिडोमाइड बारीक चुंबकीय मण्यांवर बसवून पेशींच्या अर्कातून त्याला चिकटणारे प्रथिन ओढून काढले. ते होते सेरेब्लॉन, म्हणजे नको असलेल्या प्रथिनांवर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण करून त्यांना नष्ट करवणाऱ्या यंत्रणेचा एक भाग. या यंत्रणेच्या शोधासाठी 2004 चे रसायनशास्त्राचे नोबेल दिले गेले होते. थॅलिडोमाइडचे भाऊबंद रेणू सेरेब्लॉनला चिकटून त्याला नवे, एरवी न पकडले जाणारे प्रथिन पकडायला लावतात, हे 2014 पर्यंत स्पष्ट झाले. अशा रेणूंना आता मॉलिक्युलर ग्लू म्हणतात.

2024 मध्ये नोव्हार्टिसच्या संशोधकांनी सेरेब्लॉनला चिकटतील अशा रेणूंचा संग्रह रक्तपेशी घडवणाऱ्या पूर्वपेशींवर चाळून पाहिला. कोणते प्रथिन नष्ट करायचे, हे त्यांनी आधी ठरवले नव्हते. फक्त गर्भ-हिमोग्लोबिन कोणत्या रेणूने वाढते, एवढेच पाहिले. जो रेणू निवडला गेला तो विझ नावाचे प्रथिन नष्ट करत होता, आणि विझ गर्भ-हिमोग्लोबिनला दाबते हे त्यापूर्वी कोणाला माहीत नव्हते. औषधाचा शोध आणि जीवशास्त्रातील नवे ज्ञान एकाच प्रयोगातून मिळाले. उंदीर आणि माकडांमध्ये तोंडावाटे दिलेल्या अशा रेणूने गर्भ-हिमोग्लोबिन वाढले. याच मार्गावरील इतर काही रेणूंच्या मानवी चाचण्याही सुरू झाल्या आहेत.

यातील कोणता रेणू औषध म्हणून टिकेल, याचा निर्णय चाचण्यांतून होईल. पण त्याचे घराणे थॅलिडोमाइडचे असल्यामुळे गर्भावरील परिणामांची तपासणी सर्वांत कडक ठेवावी लागेल, आणि कमी वयात लग्ने होणाऱ्या, गर्भारपणाची नोंद उशिरा होणाऱ्या भागांत असे औषध द्यायचे तर आशा कार्यकर्ती आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर यांच्यावर रक्तमोजणीच्या जोडीला हीही जबाबदारी येईल. हायड्रॉक्सीयुरिया घेणाऱ्या तरुण मुलींच्या बाबतीत गर्भनिरोधनाचा सल्ला आजही द्यावाच लागतो. नव्या औषधाच्या वेळी त्याची लेखी नोंद आणि पाठपुरावा कोणी करायचा, हे औषध येण्यापूर्वीच ठरवून ठेवणे शक्य आहे.