रात्री साडेदहाला फरसाणाचा डबा कोण उघडतं?

तळजाईच्या टेकडीवर सकाळी भेटणाऱ्या मंडळींत हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एक बाई आहेत. सहा महिन्यांपासून त्यांनी वजन उतरवायचं मनावर घेतलंय. परवा चढ चढताना म्हणाल्या, "काका, दिवसभर सगळं पाळते. सकाळी मुगाचं एक धिरडं, डब्यात कोशिंबीर आणि एक पोळी, चार वाजता ताक. पण रात्री अमेरिकेचा कॉल संपला की साडेदहाला ओट्यापाशी उभी राहून फरसाणाचा अर्धा डबा संपवते. भूक असते असंही नाही, नुसती खाखा सुटते. माझ्यात निग्रहच नाही."

हे शेवटचं वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता ऐकवत नाही. शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, आणि त्या विषयातलं मला सर्वांत आवडणारं प्रकरण नेमकं या साडेदहाच्या डब्यापाशी येऊन पोचतं. म्हणून हा लेख.

ताण आला की भूक मरते, हा सगळ्यांचा अनुभव. परीक्षेच्या सकाळी घास उतरत नाही. मग ताणामुळे खाणं वाढतं कसं? उत्तर वेळेत आहे. ताणाला शरीर दोन वेगांनी प्रतिसाद देतं. पहिला झटपट: ॲड्रेनलीन काही सेकंदांत रक्तात उतरतं, छाती धडधडते, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळतं, पचन थंडावतं. दुसरा प्रतिसाद सावकाश आहे, आणि सगळी गंमत त्यात आहे.

मेंदूच्या तळाशी अधश्चेतक नावाचा छोटा भाग असतो. धोका जाणवला की तो सीआरएच हे संप्रेरक सोडतो. ते लगतच्या पीयूषिका ग्रंथीला जागं करतं. ही ग्रंथी एसीटीएच नावाचा निरोप रक्तात टाकते, आणि तो मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोचला की त्या कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक बनवू लागतात. मेंदूपासून कमरेपर्यंतची ही तीन टप्प्यांची साखळी. कॉर्टिसोल शिखराला पोचतं ते ताण सुरू झाल्यावर साधारण वीस-तीस मिनिटांनी, आणि ओसरायला त्याहून बराच जास्त वेळ घेतं. सुरुवातीचं सीआरएच भूक दाबतं, तर मागून येणारं कॉर्टिसोल भूक वाढवतं. संकटात खर्च झालेली ऊर्जा भरून काढ, असा त्याचा सांगावा. अधश्चेतकात ते न्यूरोपेप्टाइड-वाय या भूक चेतवणाऱ्या रेणूचं काम वाढवतं आणि 'पोट भरलं' हे कळवणाऱ्या लेप्टिनचा आवाज बारीक करतं. आपले पूर्वज वाघापासून पळत होते तेव्हा हा हिशेब चोख होता. कॉलवर बसून कोणी धावत नाही, पण भरपाईची मागणी मात्र तशीच येते.

आता कॉलची वेळ आठवा. नऊला सुरू, साडेदहाला डबा!

साखळीला लगामही आहे. कॉर्टिसोल वाढलं की तेच मेंदूकडे जाऊन सीआरएच कमी करायला सांगतं, गीझरच्या थर्मोस्टॅटसारखं. ताण क्षणिक असेल तर हे छान चालतं. रोजचा असेल तर बिघडतं. १९३६ साली मॉन्ट्रियलमध्ये हान्स सेल्ये यांनी उंदरांना थंडी, जखम, अतिश्रम असा वेगवेगळा त्रास देऊन पाहिला. त्रास कुठलाही असो, परिणाम सारखेच दिसले, आणि त्यांतला एक म्हणजे अधिवृक्क ग्रंथी मोठ्या होणं. पुढे २००३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या मेरी डॉलमन आणि सहकाऱ्यांनी एक विलक्षण कल्पना मांडली. सतत ताणाखाली ठेवलेल्या उंदरांना साखर आणि चरबी दिली की ते तिकडे वळतात, आणि ते खाल्ल्यावर त्यांची ही साखळी खरोखरच शांत होते. म्हणजे गोड-तेलकट खाणं तिथे औषधासारखं वागतं! थकलेल्या मेंदूला हा लगाम सापडला की तो पुन्हा पुन्हा तोच ओढणार. याला निग्रहाचा अभाव म्हणणं मला पटत नाही.

सगळ्यांचं असं होत नाही हेही खरं. २००१च्या एका प्रयोगात ५९ स्त्रियांना प्रयोगशाळेत मुद्दाम ताण दिला आणि नंतर समोर खाऊ ठेवला. ज्यांचं कॉर्टिसोल जास्त उसळलं, त्यांनी ताणाच्या दिवशी इतरांपेक्षा जास्त खाल्लं. एकाच कॉलनंतर एक सहकारी शांत झोपतो आणि दुसरी डबा उघडते, यामागे हा स्वभावतः असलेला फरकही असू शकतो.

यात पुण्याचा एक धागा आहे. २००४ साली 'द लॅन्सेट'मध्ये दोन शास्त्रज्ञांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला: आपल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ भारतीय शरीरात चरबी जास्त, तीही पोटाकडे, हे त्या एका फोटोने जगाला दाखवलं. आणि कॉर्टिसोलचं पोटातल्या चरबीशी खास सख्य आहे. आतड्यांभोवतीच्या चरबीत कॉर्टिसोलचा निरोप घेणारे ग्राहक रेणू (रिसेप्टर) त्वचेखालच्या चरबीपेक्षा जास्त असतात. शिवाय चरबीच्या पेशींत ११-बीटा-एचएसडी-१ नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते निष्क्रिय कॉर्टिसोनचं पुन्हा सक्रिय कॉर्टिसोल करतं, म्हणजे रक्तातलं प्रमाण न वाढताही चरबीच्या आत ते वाढू शकतं. हेच विकर चरबीत जास्त बनेल असे उंदीर शास्त्रज्ञांनी तयार केले, तेव्हा त्यांचीही पोटं सुटली. वजनकाट्याइतकंच कमरेचं माप घ्यावं, असं मी सांगतो ते म्हणून.

आता बाईंच्या धिरड्याकडे येऊ. २०१०च्या एका अभ्यासात १२१ स्त्रियांना तीन आठवडे वेगवेगळ्या गटांत ठेवलं होतं. ज्यांना दिवसाला १२०० कॅलरींवर ठेवलं त्यांचं कॉर्टिसोल वाढलं. ज्यांना खाल्लेल्या प्रत्येक घासाची नोंद ठेवायला सांगितलं त्यांना मानसिक ताण जास्त वाटला. म्हणजे कडक पथ्य हाच एक ताण. दिवसभर अर्धपोटी राहून त्या बाई साडेदहाच्या खाखेची तयारी सकाळपासूनच करत होत्या. त्यात झोप कमी. १२ तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, तर त्यांचं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं आणि भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं.

इथे थोडं रागाने लिहितो. 'कॉर्टिसोल उतरवणारा' काढा, गोळ्या आणि चहा विकणाऱ्या रील्सचा सध्या सुळसुळाट आहे. अमेरिकेत अशाच दाव्यांच्या एका गोळीवर तिथल्या व्यापार आयोगाने २००४ मध्येच खोट्या जाहिरातीबद्दल कारवाई केली होती. आणि लग्नी गुरू असला की अंग सुटतंच, असं सांगून पुष्कराज घालायला लावणारेही आपल्याच पेठांत आहेत. गुरू ग्रह अगदी जवळ आला तरी आपल्यापासून साठेक कोटी किलोमीटरवर, आणि अधिवृक्क ग्रंथी आपल्याच कमरेत. कृपया पैसे वाचवा.

मग करायचं काय? बाईंना मी सांगितलं ते असं. नऊच्या कॉलआधी, सात-साडेसातला, नीट जेवा: भाकरी, उसळ, दही, भाजी. डाळ-उसळीतल्या प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. वजन थोडं सावकाश उतरलं तरी चालेल. कॉल संपल्यावर थेट स्वयंपाकघरात न जाता पंधरा मिनिटं सोसायटीत झपझप चाला. चालल्याने गोड खाण्याची ओढ कमी होते, हे प्रयोगांत दिसलंय. २०१४च्या आणखी एका प्रयोगात लोकांना उदास करणाऱ्या चित्रफिती दाखवून कोणाला आवडता पदार्थ दिला, कोणाला साधा, कोणाला काहीच नाही. थोड्या वेळात सगळ्यांचीच मनःस्थिती सारखीच सावरली. उंदरांची साखळी साखरेने शांत होत असेल, पण माणसाचा मूड खाल्ल्याशिवायही निवळतो, फक्त तेवढा वेळ जाऊ द्यावा लागतो. तरीही खावंसं वाटलंच तर वाटीत काढून, खुर्चीत बसून खा. डबा पूर्ण बंद करू नका, बंदीनेच ओढ वाढते. मात्र भरमसाट खाणं आठवड्यातून अनेकदा होत असेल, थांबवताच येत नसेल आणि नंतर अपराधी वाटत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. त्या आजाराला नाव आहे (बिंज ईटिंग डिसऑर्डर) आणि उपचारही.

त्या म्हणाल्या, सातला जेवायचं तर डबा दोनदा न्यावा लागेल. मी म्हटलं, न्या. सोमवारी टेकडीवर भेटल्या तेव्हा पाठीवरच्या पिशवीत दोन डबे होते, आणि त्या मला विचारत होत्या की मटकीला मोड यायला एवढे दोन दिवस का लागतात.