लव्हाळं बोटांनी ओळखायचं

पावसाळा सरता सरता गिरणेच्या पात्रात उतरलं, की वाळूच्या कडेनं नुसतं हिरवं रान माजलेलं दिसतं. कुणालाही विचारा, उत्तर एकच: गवत. प्रत्यक्षात त्या दहा-वीस पावलांत दोन-तीन निरनिराळी कुळं नांदत असतात, आणि ती ओळखायला डोळ्यांपेक्षा बोटं जास्त उपयोगी पडतात.

एक दांडी बुडाशी मोडून अंगठा आणि तर्जनीत फिरवा. पेरं हाताला लागली, तर ते गवत. नवरात्राच्या सुमारास पांढरे तुरे डोलवणारा कास याच घरातला. पण दांडी फिरताना अडखळली, धार बोटाला लागली, तर ती ब्लेडनं आडवी कापा. चक्क त्रिकोण दिसेल, आणि आतून भरीव. हे मोथ्याचं कुळ, सायपरेसी. याची पानंही तीन रांगांत निघतात. गवताची दोन रांगांत.

तिसरं कुळ जुंकसचं. दांडी गोल, पेरं नाहीत, आत पांढरा मऊ गाभा. हे मुख्यतः थंड मुलखातलं. खानदेशात आपण ज्याला लव्हाळं म्हणतो, ते बहुतेक सगळं मोथ्याच्या कुळातलं.

त्यातला शेतकऱ्याच्या अगदी ओळखीचा म्हणजे नागरमोथा, सायपेरस रोटंडस. कपाशीत, केळीत, भाजीच्या वाफ्यात, सगळीकडे हजर. तुरा तांबूस तपकिरी. उपटला तर हातात पाला येतो आणि खरं झाड जमिनीतच राहतं. म्हणून उपटू नका, खुरप्यानं हळूच माती सारा. एका गाठीतून बारीक दोरी निघते, तिला पुढची गाठ, तिला आणखी पुढची; काळ्या मातीत ओवलेली माळच. एक गाठ नखानं खरवडली की उटण्याचा वास येतो. उटण्यात पडतो तो हाच. या माळेतल्या बऱ्याच गाठी निजलेल्या असतात, कारण पुढचा कोंब त्यांना दाबून ठेवतो. वखराच्या पाशीनं माळ तुटली की तो दाब सुटतो आणि निजलेल्या गाठी एकेक करून जाग्या होतात. नुसत्या वखरणीनं मोथा वाढल्यासारखा वाटतो, तो यामुळे. तोडलेल्या गाठी वर आणून वैशाखाच्या उन्हात वाळू दिल्या, तर मात्र त्या मरतात.

नागरमोथ्याला पाणी साचलेलं फार मानवत नाही. नवापूरकडच्या भातखाचरांत त्याचीच भावंडं दिसतात, सायपेरस इरियासारखी, पिवळसर तुऱ्याची. म्हणजे कोणता मोथा उगवलाय त्यावरून जमीन किती ओली राहते, याचा अंदाज येतो.

धरणाच्या फुगवट्यात, गावाच्या सांडपाण्याच्या नाल्यात पाणकणीस असतं. त्याचं तपकिरी कणीस दुरूनही ओळखू येतं. पान कापून पाहिलं तर आत हवेचे कप्पेच कप्पे. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. पानांतून घेतलेली हवा या कप्प्यांतून मुळांपर्यंत पोचते.

आता बोटांना फसवणारी एक वनस्पती. उथळ डबक्यात पानं नसलेल्या गोल हिरव्या दांड्यांचा झुपका दिसतो आणि फुलांचा गुच्छ शेंड्याला नसून दांडीच्या कडेला, खालच्या बाजूला चिकटलेला असतो. दांडी फिरवली तर सहज फिरते. जुंकस वाटावं अशीच. ती उभी चिरा: आत आडव्या पडद्यांची शिडी. हिचं नाव स्किनोप्लेक्टिएला आर्टिक्युलाटा. संशय उरलाच, तर भिंगाखाली फूल घ्या. जुंकसच्या फुलाला सहा इवल्या पाकळ्यांची चांदणी असते आणि बोंडात कितीतरी बिया. हिच्या गुच्छात एकावर एक खवले बसवलेले, आणि एका खवल्याआड एकच काळं बी. ते बी तळहातावर घेऊन भिंग जवळ आणा. दांडीत न सापडलेला त्रिकोण तिथं सापडतो.