वर बसायच्या कयाक: वेगाची कोणती, फिरायची कोणती?

दोन सिट-ऑन-टॉप कयाक, म्हणजे वर बसून वल्हवायच्या लहान होड्या, वाळूत सुलट्या ठेवल्या तर सख्ख्या बहिणी वाटतात. दोन्हींत आत शिरून बसायचं नसतं. वरच्या खोलगट बैठकीत बसायचं, पाय समोर टेकवायचे, आणि वर आलेलं पाणी तळाला आरपार पाडलेल्या भोकांतून आपोआप खाली जातं. आता दोन्ही पालथ्या करा. एकीचा तळ परातीसारखा पसरट दिसेल, दुसरीचा नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, शेपटापर्यंत निमुळता आणि मधोमध धार धरलेला. पाण्याशी गाठ पडते ती या तळाची, बैठकीची नाही. पण दुकानात कयाक सुलटीच ठेवलेली असते आणि लोक बैठक बघून घेतात.

गेल्या दिवाळीत गोव्यातल्या डिचोलीच्या माझ्या मामेभावाने फोन केला. ‘दादा, दोन्ही सिट-ऑन-टॉपच ना रे? मग एक दहा फुटांची आणि एक सोळा फुटांची कशाला?’ फोनवर मी त्याला घाईत ‘लांब ती वेगाची’ एवढंच सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं, आणि अर्धवट माहितीवर कुणी पाण्यात उतरू नये असं मला मनापासून वाटतं.

आधी मापं बघू. फिरायची कयाक साधारण ९ ते १२ फूट लांब आणि २८ ते ३४ इंच रुंद असते. ओशन कयाक कंपनीची मालिबू टू हे तिचं ठळक उदाहरण: लांबी १२ फूट, रुंदी ३४ इंच, दोन जण सहज बसतात. वेगाकडे झुकणारी १४ ते १७ फूट लांब आणि २२ ते २८ इंच रुंद. वाइल्डरनेस सिस्टिम्सची टार्पन १६० ही १६ फुटांची आहे, तिची रुंदी २८ इंच. याच्याही पलीकडे सर्फस्की. तीही वरच बसायची, पण १८ ते २१ फूट लांब आणि कमरेएवढीच रुंद. १९१२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात पोर्ट मॅक्वारीजवळ हॅरी मॅकलारेन आणि त्याचा भाऊ घरच्या कालवांच्या शेतीत फिरण्यासाठी तिचं पहिलं रूप वापरत होते. शर्यती नंतर आल्या.

लांबीने वेग का वाढतो? होडी पुढे जाते तशी तिच्या नाळेपाशी एक लाट उठते. वेग वाढला की ती लाट लांबत जाते. लाट होडीएवढी लांब झाली की होडी आपल्याच लाटेच्या खोलगटात अडकते, आणि पुढे जायचं म्हणजे आपणच उठवलेला चढ चढायचा. मग दुप्पट जोर लावला तरी वेग जेमतेम वाढतो. होडी बांधणाऱ्यांचा ठोकताळा असा: पाण्यालगतची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला १.३४ ने गुणा, म्हणजे तो चढ कुठे लागतो ते नॉटमध्ये कळतं. दहा फुटांना ४.२ नॉट, म्हणजे ताशी ७.८ किलोमीटर. सोळा फुटांना ५.४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १०. ही भिंत नव्हे. अतिशय अरुंद होड्या ती ओलांडून जातात, कारण त्यांची लाटच बारीक असते. पण आपल्यासारख्या रविवारी वल्हवणाऱ्यांना तो चढ दंडात जाणवतो.

जी गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत, ती इथे आहे. ताशी तीन-चार किलोमीटरने रमतगमत जाताना लाट इतकी लहान असते की लांबीचा फायदा जवळजवळ नसतोच. त्या वेगाला अडवतं ते मुख्यतः पाण्याचं घर्षण, आणि लांब होडीचा भिजलेला पृष्ठभाग बहुधा मोठा असतो. त्यामुळे खारफुटीत किंगफिशर बघत जाणाऱ्याने सोळा फुटी घेतली, तर त्याने न वापरायच्या वेगासाठी पैसे मोजले.

मग वेग लागतो कुठे? मांडवीच्या मुखाशी, परत येताना. समजा ओहोटी ताशी तीन किलोमीटरने समुद्राकडे चालली आहे आणि तुम्हाला चार किलोमीटर उलट जायचं आहे. फिरायची कयाक तुम्ही ताशी पाचने वल्हवत असाल तर पुढे सरकाल ताशी दोनने. दोन तास लागतील. लांब कयाकने ताशी सात जमत असेल तर चारने सरकाल, एकच तास. स्वतःच्या वेगात फरक फक्त दोन किलोमीटरचा, पण वाटेला लागणारा वेळ निम्मा. मी या वेगाकडे शर्यत म्हणून बघतच नाही. तो परतीचा राखीव साठा आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तो जास्त लागतो, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीला, कमी. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची कोकणातली रीत अंदाजाला चांगली, पण निघण्याआधी भरती-ओहोटीचा तक्ता बघाच.

यात वाऱ्याची भर. हिवाळ्या-उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो. ओहोटी पश्चिमेला निघालेली आणि वारा पश्चिमेकडून आत येणारा, असं झालं की मांडवीच्या मुखाशी काबोच्या टेकाडाखाली आखूड, उभ्या लाटा उठतात. रुंद, सपाट नाळ त्यांवर थापा मारत जाते आणि प्रत्येक थापेला वेग मरतो. निमुळती नाळ त्या कापते.

पण अरुंद होडीची किंमत आहे, ती म्हणजे तोल. रुंद तळाची कयाक बसताक्षणी पाटासारखी स्थिर वाटते, वल्हं मांडीवर ठेवून पाणी पिता येतं. मात्र बाजूने लाट आली की हाच सपाट तळ लाटेच्या उताराबरोबर कलतो. अरुंद, गोलसर तळाची पहिल्या दिवशी कंबरेखाली सतत डुचमळते, आणि लाटेत मात्र सरावलेल्या माणसाला तोल सांभाळू देते. आपल्या मच्छीमारांनी हा पेच फार पूर्वी वेगळ्या रीतीने सोडवला आहे. ते होडी अरुंदच ठेवतात आणि तोल बाजूच्या उलांडीवर, म्हणजे आडव्या दांड्यांनी जोडलेल्या तरंगत्या लाकडावर, सोपवतात. कयाकला उलांडी नसते, म्हणून तोल एकतर रुंदीत घालावा लागतो नाहीतर वल्हवणाऱ्याच्या कमरेत. ज्याच्या कमरेत तो अजून आलेला नाही, त्याचे निम्मे वल्हे सावरण्यातच जातात. असा माणूस सोळा फुटीत दहा फुटीपेक्षाही हळू जातो. हे मी शिवोलीजवळ शापोरा नदीत डोळ्यांनी बघितलंय.

अरुंद फाट्यांत लांब कयाकचा आणखी एक जाच. चोडणच्या बाजूला खारफुटीतून वळणं घेताना सोळा फूट फिरवायला जागाच नसते. शेपूट श्वासमुळांत रुततं, ओहोटी लागलेली असते, आणि चिखलात उतरून ढकलण्याखेरीज उपाय नसतो. आखूड कयाक तिथे जागच्या जागी वळते. तीच मोकळ्या पाण्यात मात्र प्रत्येक वल्ह्याला नाक डावी-उजवीकडे फिरवत राहते. त्यासाठी मागे लहानसं पातं लावता येतं, लांब कयाकला बहुधा सुकाणू.

कुंभारजुव्याच्या कालव्यात जायचं असेल तर तोलाचा प्रश्न वेगळाच होतो. तिथे मगरी आहेत, त्या काठच्या गावांत चिखलाची मगर करून तिची पूजा, ‘मानगे थापणी’, होते ती उगाच नव्हे. नवख्याने तिथे डुचमळती कयाक नेऊच नये. मी तर म्हणेन, जाणत्या स्थानिकाशिवाय कुठलीच नेऊ नये.

तळाच्या भोकांना बुचं मिळतात. शांत नदीत ती लावली की बूड कोरडं राहतं, पाण्याचा बुडबुडाट थांबतो आणि ओढ थोडी कमी होते. लाटांत काढून ठेवा, नाहीतर वर आलेलं पाणी तिथेच साचेल. हे दोन्ही प्रकारांना लागू. जून ते सप्टेंबर समुद्रात दोन्ही नकोत, त्यावर चर्चा नको. लाइफ जॅकेट बारा महिने.

वल्हंही होडीच्या रुंदीवरून घ्यावं. ३४ इंचांच्या कयाकवरून पाण्यापर्यंत पोचायला २४० सेंटिमीटरचं लागेल, अरुंद कयाकला २२० किंवा त्याहून आखूड पुरतं.

घेण्याआधी तासभर मागून घ्या. अर्धा तास ओहोटीविरुद्ध वल्हवा. नंतर छातीएवढ्या, ओळखीच्या पाण्यात, सोबत कुणी असताना मुद्दाम उलटा आणि तळाला पाय न टेकता परत चढून दाखवा. वर बसायच्या कयाकचं हेच मोठं सुख: सुलटी केली की पाणी स्वतःच निघून जातं, उपसावं लागत नाही. फक्त चढता आलं पाहिजे. रुंद कयाकवर पोटावर सरकत पहिल्या-दुसऱ्या खेपेला जमतं, अरुंद कयाक तुम्ही चढताचढताच पुन्हा कलंडते. तिसऱ्या खेपेलाही जमलं नाही, तर ती कयाक अजून तुमची नाही. आणि शेवटी ती एकट्याने गाडीच्या टपावर चढवून बघा. प्लास्टिकची सोळा फुटी तीस किलोच्या आसपास भरते.

मामेभावाने हे सगळं करून बारा फुटी घेतली. मयेच्या तळ्यावर जातो तेव्हा त्याची सात वर्षांची मुलगी पुढे बसते, अंगात घट्ट जॅकेट, तोंड बापाकडे. सोळा फुटीत तिला बसायला जागाच नव्हती, हे त्याने मापं बघण्याआधीच ठरवलं असणार.