हलकी सायकल म्हणजे फास्ट सायकल? नाही बावा

आमच्याकडं पोराले सायकल घ्यायची म्हटलं की दुकानात पहिले एका हातानं उचलूनच पाहतात, हलकी लागली की म्हणे ही पळते, लोखंडी म्हणजे बैलगाडी. आता हिशोब पाहा, चालवणारा ६५ किलोचा, जुनी काळी सायकल २० ची अन् ॲल्युमिनियमवाली १४ ची, म्हणजे ८५ च्या जागी ७९, फरक ७ टक्केच अन् तोही चढावरच कळते. चिखलदऱ्याचा घाट चढायले तासभर लागत असंल तर चारेक मिनिटं वाचतील. आपल्या सपाट रस्त्यावर मात्र खरी ताकद खाते ते समोरचा वारा, वेग दुप्पट केला की त्याचा जोर चौपट. मंग टायरात कमी हवा, सुकी चेन, खाली बसवलेली सीट, याच्याकडं कोणी पाहतच नाही.

अन् ॲल्युमिनियम स्टीलच्या एक तृतीयांश वजनाचं असलं तरी तेवढंच नरमही असते, म्हणून पाइप जाड करा लागतात, फ्रेम काही तिप्पट हलकी होत नाही. स्टीलची फ्रेम तुटली तर गावातला वेल्डिंगवाला जोडून देते, ॲल्युमिनियमची नेली की तो हात जोडते. कॅरियरवर कापसाचं गाठोडं नेणाऱ्यानं तर सहा किलोचा विचारच करू नये राजेहो.