लिव्हरचा षटकोन आला कुठून?

पुतणी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) फर्स्ट इयरला आहे, परवा फोनवर वैतागून सांगत होती की काका, पुस्तकात लिव्हरचे कसे मस्त षटकोन काढलेत आणि मायक्रोस्कोपखाली बघितलं तर नुसता गुलाबी पसारा, एक कड धड दिसेल तर शपथ. तिची काहीच चूक नाही. ते चित्र माणसापेक्षा डुकराला जास्त लागू पडतं.

म्हापशाच्या बाजारात सोरपोतेलासाठी डुकराचं लिव्हर मिळतं ना, ते जरा जवळून बघा. बारीक लाद्या बसवल्यासारखे एक-दोन मिलिमीटरचे तुकडे साध्या डोळ्यांनी दिसतात, कारण डुकरात प्रत्येक तुकड्याभोवती तंतूंची पातळ भिंत असते, माणसात ती जवळपास नसतेच. 17व्या शतकात वेप्फर नावाच्या स्विस डॉक्टरने हे तुकडे पाहिले ते डुकरातच, मग 1666 मध्ये माल्पिघी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने मांडलं की लिव्हर ही अशा तुकड्यांची, म्हणजे लोब्यूलची, बनलेली ग्रंथी आहे आणि पित्त तीच तयार करते. पक्कं चित्र मात्र 1833 चं, कियर्नन नावाच्या सर्जनचं: मधोमध रक्त बाहेर नेणारी सेंट्रल व्हेन, कडेच्या कोपऱ्यांत आतड्यांकडून रक्त आणणारी पोर्टल व्हेन, धमनी आणि पित्तनलिका. (आपल्या पणजीतलं मेडिकल स्कूल 1842 चं, म्हणजे तेव्हा हे सगळं अगदी ताजं होतं.)

पेशी दोरीसारख्या ओळीत नसून एकाच पेशीच्या जाडीच्या पडद्यात असतात आणि दोन्ही अंगांनी रक्त वाहतं, हे एलियासने दाखवलं ते थेट 1949 ला.

आणि 1954 ला टोरांटोच्या रापापोर्टने प्रश्नच उलटा केला, कड कुठे आहे ते सोडा, रक्त कुठून येतं तिथून मोजा. रक्त आत येतं त्या पोर्टल व्हेनजवळचा भाग झोन 1, मधला 2, सेंट्रल व्हेनपाशी 3, ज्याला ऑक्सिजन सगळ्यात कमी मिळतो. म्हणून हार्ट फेल होऊन रक्त मागे तुंबलं की आधी झोन 3 काळपट लाल होतो, भोवतालचा भाग फिकट राहतो, आणि कापलेलं लिव्हर हुबेहूब चिरलेल्या जायफळासारखं दिसतं, नावच नटमेग लिव्हर. फोंड्याकडच्या कुळागरातलं जायफळ ज्याने चिरलंय त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

पुतणीला म्हटलं, उद्या कड शोधूच नकोस, आधी सेंट्रल व्हेन पकड आणि तिथून पोर्टलकडे हळूहळू सरक.