माहितीची असममितता, बँक कर्जव्यवहारातील

कर्जदाराला आपल्या धंद्याची खरी स्थिती जितकी ठाऊक असते तितकी ती बँकेला ठाऊक नसते. या तफावतीला अर्थशास्त्रात माहितीची असममितता म्हणतात. बँक आणि तिचे ठेवीदार यांच्यातही अशीच तफावत असते आणि वित्तीय अरिष्टाच्या काळात तीच अधिक घातक ठरते.

कोण पैसे बुडवील हे ओळखता येत नाही म्हणून बँकेने सरसकट व्याजदर चढवला, तर सावध कर्जदार मागे फिरतो आणि वाटेल त्या दराने पैसे उचलणारा उरतो. ही ‘प्रतिकूल निवड’. त्यामुळे बँका दर वाढवण्याऐवजी कर्जपुरवठाच आखडता घेतात, असे अर्थशास्त्रज्ञ जोसेफ स्टिग्लिट्झ व अँड्र्यू वाइस यांनी १९८१ मध्ये मांडले. कर्ज हाती पडल्यावर ते ठरल्या कामाऐवजी जोखमीच्या व्यवहारात घालण्याचा मोह होतो. ही ‘नैतिक जोखीम’. तारण, जामीनदार, कर्जदाराच्या परतफेडीचा इतिहास सांगणारा सिबिलचा अहवाल हे सारे या दोहोंवरचेच उपाय होत.

एखादे कर्ज बुडणे म्हणजे अरिष्ट नव्हे. कोणाची कर्जे बुडीत आहेत हे कळेनासे झाले, की सर्वांवरचाच विश्वास उडतो आणि अरिष्ट तेथे सुरू होते. पायाभूत प्रकल्पांना वित्तपुरवठा करणाऱ्या मुंबईच्या आयएल अँड एफएस या बिगर-बँक समूहावर सुमारे ९१,००० कोटी रुपयांचे कर्ज होते. त्याच्या रोख्यांना सर्वोच्च पतमानांकन (परतफेडीच्या खात्रीची श्रेणी) असतानाच २०१८ मध्ये हप्ते थकू लागले आणि सप्टेंबरपर्यंत मानांकन थेट ‘डी’ या तळाच्या श्रेणीत घसरले. या मानांकनावर भिस्त ठेवणाऱ्या म्युच्युअल फंडांनी मग इतर बिगर-बँक वित्त कंपन्यांनाही पैसे देताना हात आखडला. ज्यांचा या समूहाशी काही संबंध नव्हता, अशा कंपन्यांनाही रोकडटंचाई सोसावी लागली.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत माहिती मुद्दाम दडवली गेली. २०१८-१९ च्या ताळेबंदात बँक नफ्यात होती आणि ढोबळ अनुत्पादित (म्हणजे परतफेड थकलेली) कर्जे चार टक्क्यांच्या आत होती. प्रत्यक्षात ७० टक्क्यांहून अधिक कर्ज एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे होते आणि ते झाकण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट कर्जखाती दाखवल्याचे तपासात पुढे आले. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली. लेखापरीक्षकांना जे दिसले नाही ते सामान्य ठेवीदाराने ओळखायला हवे होते, हा युक्तिवाद अन्यायाचा आहे. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली.

बँक बुडाल्यावर कर्जदारांविषयी वर्षानुवर्षे जमवलेले ज्ञानही नाहीसे होते. कोणता दुकानदार हप्ता चुकवत नाही हे शाखेतल्या माणसांनाच माहीत असते. दुसरी बँक त्याला नव्याने पारखते आणि तोवर चांगला कर्जदारही भांडवलाविना राहतो. अमेरिकेतील १९३० च्या दशकातील महामंदी एवढी लांबण्याचे हे एक कारण होते, असे अर्थशास्त्रज्ञ बेन बर्नान्की यांनी १९८३ मध्ये प्रतिपादले.

भारतात ठेवविमा १९६२ पासून आहे; फेब्रुवारी २०२० मध्ये त्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख रुपये झाली. विम्यामुळे ठेवीदारांची घाबरगुंडी आवरते, मात्र बँकेवर नजर ठेवण्याची त्यांची गरजही कमी होते. म्हणून विम्याला नियामकाच्या कडक तपासणीची जोड लागते. २०२० च्या कायदादुरुस्तीने सहकारी बँकांवरचे रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढवण्यात आले.